शनिवारी मॅच, सोमवारी नारळ

पिंक स्लिप, लेऑफ, ‘रिस्ट्रक्चरिंग’... हे शब्द ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आले की आपला घास घशात अडकतो. इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या फुटबॉल मॅनेजरांना मात्र त्यांची सवय झालीये. आणि या नारळवाटपात आपल्या पुण्याचाही हात आहे बरं का!

सगळ्यात कमी टिकलेली नोकरी किती वेळाची असू शकते? तुमच्याही ओळखीत एखादा महाभाग असेल, जो पहिल्या दिवशी लंचला म्हणून बाहेर पडला आणि परत आलाच नाही. पण लिरॉय रोझिनियरपुढे तो अगदी अनुभवी कर्मचारी म्हणायचा.

१७ मे २००७ ची गोष्ट. टॉर्की हे इंग्लंडच्या नैऋत्येला, समुद्रकाठी वसलेलं टुमदार गाव. अगाथा ख्रिस्तीचं जन्मगाव, त्यामुळे अचानक पडलेले बळी हा तिथल्या मातीचाच गुण म्हणा ना! तिथल्या टॉर्की युनायटेड क्लबची त्या सीझनमध्ये पार वाट लागली होती. फुटबॉल लीगमधूनच बाहेर फेकले गेले होते बिचारे. मग क्लबने जुन्या माणसाला हाक मारली. रोझिनियरने याच क्लबला २००४ मध्ये प्रमोशन मिळवून दिलं होतं, लोकांचा लाडका होता तो. प्रेस कॉन्फरन्स झाली, नवा मॅनेजर म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. आणि साधारण दहा मिनिटांत चेअरमननी त्याला कळवलं की, बाबा रे, क्लब विकला गेलाय आणि नव्या मालकांना त्यांचा स्वतःचा माणूस हवाय.

खलास. दहा मिनिटं! आपल्याकडे एवढ्या वेळात ॲक्सेस कार्डसुद्धा बनून येत नाही.

हा किस्सा मी मित्रांच्या अड्ड्यावर सांगतो तेव्हा सगळे खो खो हसतात. मग जरा वेळाने कुणीतरी हमखास विचारतं, ‘पण त्याने केलं काय होतं?’ काहीच नाही हो. त्या दहा मिनिटांत तो एकही मॅच हरला नव्हता. मॅच झालीच नव्हती! या धंद्यातली खरी मेख तीच आहे. आपल्याला वाटतं, परफॉर्मन्स दिला की नोकरी टिकते आणि नाही दिला की जाते. खालच्या लीगमध्ये तुम्ही वीस वर्षं काढा, ही समजूत निघून जाईल. अर्थात वीस वर्षं काढता आली तर.

त्यानंतर रोझिनियर इंग्लंडमधल्या कुठल्याही लीग क्लबचा मॅनेजर झाला नाही. टीव्हीवर एक्स्पर्ट म्हणून मात्र दिसत राहिला. एका कडू दिवसाचा असा गोड किस्सा होतो खरा, पण किस्सा झाला म्हणजे माणसाचं करिअर परत येतं असं नाही.

शिडी आणि साप

ज्यांचं फुटबॉल मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, लिव्हरपूलवर सुरू होतं आणि तिथेच संपतं त्यांच्यासाठी थोडक्यात भूगोल. इंग्लंडमध्ये सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकी २४ क्लब. एकूण झाले ९२. त्याच्याही खाली नॅशनल लीग आणि मग पुढे पार गल्लीबोळापर्यंत ही शिडी जाते. दरवर्षी चॅम्पियनशिपमधून तीन, लीग वनमधून चार आणि लीग टूमधून दोन क्लब खाली घसरतात. म्हणजे शिडी कमी, साप जास्त. सीझनला लीगच्याच ४६ मॅचेस. शनिवार, मंगळवार, शनिवार, मंगळवार... आपलं ॲप्रेझल वर्षातून एकदा होतं, यांचं आठवड्यातून दोनदा. आणि ते बघायला हजारो लोक तिकीट काढून येतात!

खाली घसरलं की टीव्हीचे पैसे आटतात, चांगले प्लेअर्स बॅगा भरतात, स्पॉन्सर फोन उचलत नाही. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत टेबलच्या तळाशी असलेल्या क्लबचा मालक देव पाण्यात घालून बसलेला असतो. त्याच्या हातात करण्यासारखं काय असतं? पंचवीस प्लेअर्स बदलता येत नाहीत, त्यांची कॉन्ट्रॅक्ट्स आहेत. ग्राउंड बदलता येत नाही. स्वतःला तर काढता येत नाहीच. उरतो एक माणूस, मॅनेजर. त्याला काढलं की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, स्टेडियममधली बोंबाबोंब दोन आठवडे थांबते, आणि ‘मॅनेजमेंटने काहीतरी ॲक्शन घेतली’ असं सगळ्यांना वाटतं. तुमच्या कंपनीतही प्रॉजेक्ट बोंबलला की कोण जातं ते आठवून बघा. क्लायंटला खोटी तारीख देणारा सेल्सवाला जातो का कधी?

इंग्लंडमध्ये या मॅनेजरांची संघटना आहे, लीग मॅनेजर्स असोसिएशन. १९९२ पासूनची. नोकरी गेलेल्यांचा हिशोब ती दरवर्षी काढते. २०१४-१५ च्या सीझनमध्ये पहिल्या चार लीगमध्ये ज्यांना काढलं ते आपापल्या क्लबमध्ये सरासरी किती टिकले होते? सव्वा वर्षाच्या आसपास. सव्वा वर्ष म्हणजे फ्लॅटचं ॲग्रीमेंट एकदा रिन्यू होतं न होतं तेवढा काळ. आणि त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे पहिल्यांदाच मॅनेजर झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना दुसरी संधी कधी मिळतच नाही, असं ही संघटनाच वर्षानुवर्षं सांगत आलीये. एक चान्स, तोही बुडत्या बोटीवर. कारण पहिल्यांदा मॅनेजर होणाऱ्याला तरंगती बोट कोण देणार?

बरं, काढल्याने फायदा तरी होतो का? नेदरलँड्समध्ये बास टेर वील नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या डच फुटबॉलचा हिशोब मांडला. ज्या क्लबांनी ओळीने हरल्यावर मॅनेजर काढला ते एका बाजूला आणि तितकेच हरूनही ज्यांनी काढला नाही ते दुसऱ्या बाजूला. निकाल? दोघेही साधारण सारखेच सावरले. म्हणजे ताप आला, डॉक्टर बदलला, ताप उतरला, आणि आपण नव्या डॉक्टरला पेढे दिले. ताप तसाही उतरणार होता हो! २०११ मध्ये हा पेपर छापून आला. पण पेढे वाटणं काही थांबलेलं नाही.

पुणे ३८, जिल्हा ब्लॅकबर्न

आता आपल्या घरची गोष्ट. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावशीला फुटबॉलमधलं काहीही कळत नाही. पण २०१० च्या नोव्हेंबरात तिनेच मला फोन करून विचारलं होतं, ‘अरे, ते आपले कोंबडीवाले इंग्लंडची टीम घेतायत म्हणे?’ मावशी बरोबर होती. पुण्याच्या व्यंकीज ग्रुपने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला होता. वर क्लबचं कर्जही होतंच. हा काही ऐरागैरा क्लब नव्हे. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला! आपल्या शहराच्या मालकीचा प्रीमियर लीग क्लब म्हटल्यावर आमची कॉलर अशी काही ताठ झाली की विचारू नका. २०११ च्या ऑक्टोबरात टीम पुण्याला आली, बालेवाडीत पुणे एफसीशी खेळली. प्लेअर्स चिकन खाताना दिसणारी ती जाहिरातही तुम्हाला आठवत असेल. पब्लिकने तिची जाम खेचली होती.

क्लब घेतल्यावर महिनाभरातच, १३ डिसेंबर २०१० च्या सोमवारी, मॅनेजर सॅम ॲलर्डाइसला नारळ मिळाला. टीम तेव्हा १३ व्या नंबरावर होती. म्हणजे ना धड वर, ना धड बुडती. त्याच्या हाताखालच्या कोचला, स्टीव्ह कीनला, खुर्ची मिळाली. पहिल्या वर्षी तो शेवटच्या दिवशी कसाबसा वाचला. दुसऱ्या वर्षी फॅन्सनी दर मॅचला निदर्शनं केली आणि ७ मे २०१२ ला विगनविरुद्ध हरून टीम चॅम्पियनशिपमध्ये घसरली. त्या दिवशी कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली चक्क जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. पुण्यात बसून ते टीव्हीवर बघताना हसावं की लाजावं कळेना.

पण खरा सिनेमा पुढेच होता. २०१२-१३ चा सीझन. सप्टेंबरअखेर कीनने राजीनामा दिला. एरिक ब्लॅकने काही मॅचेस सांभाळल्या. मग आला हेनिंग बर्ग. हा नॉर्वेचा माणूस, १९९५ च्या विजेत्या टीमचा मेंबर. गंमत म्हणजे काही आठवडे आधी नॉर्वेच्या टीव्हीवर यानेच म्हटलं होतं की पत असलेला कोणी मॅनेजर ही नोकरी घेणार नाही. घेतली! ५७ दिवस, १० मॅचेस, १ विजय. ख्रिसमसनंतर दोनच दिवसांनी त्याला निरोप दिला गेला. मग गॅरी बॉयर तात्पुरता. मग जानेवारीत मायकल ॲपलटन. हा गृहस्थ त्याच सीझनमध्ये आधी पोर्ट्समथला होता, मग ब्लॅकपूलला ६५ दिवस, आणि मग ब्लॅकबर्नला ६७ दिवस. एका सीझनमध्ये तीन क्लब! आपल्या सीव्हीवर असं काही असतं तर एचआरवाल्या मॅडमनी भुवई उंचावून विचारलं असतं, ‘स्टेबिलिटीचं काय?’ मार्चमध्ये तोही गेला आणि पुन्हा बॉयर आला. आजा मेला, नातू झाला, आणि परत आजाच आला.

पुणेकर म्हणून आपल्याला या सगळ्यावर हसायचा हक्क आहे. पण एक लक्षात घ्या, यात पुण्याने काही जगावेगळं केलं नाही. लीड्सच्या इटालियन मालकाने, मासिमो चेलिनोने, २०१४ मध्ये डेव्ह हॉकडेला ७० दिवस ठेवलं आणि त्यानंतरच्या डार्को मिलानिचला ३२. त्याच वर्षी वॉटफर्डने बिली मॅकिन्लेला आठ दिवसांत घरी पाठवलं आणि त्या सीझनचा चौथा मॅनेजर आणला. वॉटफर्डला त्याच सीझनला प्रमोशन मिळालं, बोला आता! अशी एखादी लॉटरी लागते आणि मग पुढची दहा वर्षं बाकीचे मालक तेच तिकीट काढत बसतात.

फुल अँड फायनल

‘पण यांना पैसे तर मिळतात ना ढिगाने?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. हो आणि नाही.

हो, म्हणजे बर्गसारख्याला. त्याचं कॉन्ट्रॅक्ट २०१५ च्या जूनपर्यंतचं होतं आणि त्यात लिहिलं होतं की मुदतीआधी काढलं तर उरलेल्या काळाचा सगळा बेसिक पगार द्यायचा. क्लबने आधी हे देणं मान्य केलं आणि मग कोर्टात पवित्रा बदलला. ज्या अधिकाऱ्याने हे कॉन्ट्रॅक्ट केलं त्याला तसा अधिकारच नव्हता, असं क्लबचं म्हणणं. कोर्टाने ते ऐकलं नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. द्या साडेबावीस लाख पौंड. ५७ दिवसांच्या नोकरीचे! माझ्या एका सीए मित्राने तिथल्या तिथे भागाकार केला आणि दिवसाला जवळपास ४० हजार पौंड पडतात हे कळल्यावर दोन मिनिटं शांत बसला.

या केसमधून सगळे शहाणे झाले. आता भरपाईवर आधीच मर्यादा घालण्याकडे क्लबांचा कल असतो. शिवाय ‘गार्डनिंग लीव्ह’ नावाची एक भानगड आहे. म्हणजे तुम्ही घरी बसा, बागेला पाणी घाला, पगार चालू राहील, पण दुसरी नोकरी धरलीत की तो बंद. त्यामुळे काढलेला मॅनेजर नवी नोकरी घेताना हिशोब करतो, की तिथला पगार कमी असेल तर आहे ते सोडून जायचं का? आणि नाही गेलो, तर सहा महिन्यांत लोक माझं नाव विसरले तर? नोकरी गेल्यावर पगारापेक्षा फोन न वाजण्याची भीती जास्त असते. २००९ च्या मंदीत माझ्याही एका जुन्या कंपनीने मीटिंग रूममध्ये एकेकाला बोलावून दहा-दहा मिनिटांत निरोप दिले होते. त्यातला माझा टीममेट नंतर दोन महिने रोज सकाळी तयार होऊन, डबा घेऊन लायब्ररीत जाऊन बसायचा. घरी सांगितलंच नव्हतं त्याने. मॅनेजर लोकांना तीही सोय नाही. त्यांची नोकरी गेली की टीव्हीच्या तळाची पिवळी पट्टी सगळ्या देशाला सांगते, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेतून विचारत येतं.

आणि ‘नाही’ म्हणजे खालच्या माळ्यावरच्यांना. सोल कॅम्पबेल आठवतो? इंग्लंडकडून ७३ मॅचेस खेळलेला डिफेंडर. मॅनेजर व्हायचं होतं, कोणी दारात उभं करेना. शेवटी २०१८ च्या नोव्हेंबरात लीग टूच्या तळाला असलेल्या मॅक्लसफील्ड टाउनने घेतलं. म्हणजे ९२ क्लबांतला सगळ्यात शेवटचा क्लब! त्याने तो सीझनच्या शेवटच्या दिवशी वाचवून दाखवला. पण क्लबमध्ये पगारच वेळेवर होत नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो बाहेर पडला, २०२० च्या सप्टेंबरमध्ये कोर्टाने क्लब गुंडाळायचा आदेश दिला, आणि देणेकऱ्यांच्या यादीत खुद्द कॅम्पबेल होता. टार्गेट पूर्ण, पगार बाकी. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

त्याच्याही पुढची गोष्ट बरीची. बरी हे मँचेस्टरजवळचं गाव. तिथला क्लब १८८५ चा, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१९ मध्ये त्यांना लीग वनमध्ये प्रमोशन मिळालं. पण तिजोरीत खडखडाट. मालकाने आदल्या डिसेंबरात क्लब घेतला होता फक्त एका पौंडाला! प्रमोशन मिळवून देणारा मॅनेजर रायन लो प्लिमथला निघून गेला. त्याच्या जागी जुलैत पॉल विल्किन्सनची नेमणूक झाली. सीझन सुरू झाला, पण पैशांचा पुरावा नाही म्हणून बरीच्या मॅचेस एकामागून एक रद्द होत गेल्या. २७ ऑगस्टला क्लबलाच लीगमधून काढून टाकलं. विल्किन्सन एकही लीग मॅच न खेळवता बेकार झाला. आणि तो एकटा नाही. फिजिओ, किट धुणाऱ्या बाया, तिकीटखिडकीवरची माणसं, सगळीच. त्यांच्यासाठी ना संघटना, ना साडेबावीस लाखांची केस.

आणखी एक जमात आहे जिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. असिस्टंट, गोलकीपिंग कोच, ॲनालिस्ट. मॅनेजर गेला की हे आपोआप जातात, कारण ते ‘त्याची माणसं’. बातमीत त्यांची नावं शेवटच्या ओळीत. मुलांच्या शाळा, घरभाडं, बायकोची नोकरी सगळं तिकडेच अडकलेलं, आणि हा दर दीड वर्षाने नव्या गावात, मॅनेजरच्या पाठोपाठ.

टिकणारे कसे टिकतात?

दोन नमुने सांगतो. पहिला, हॅरोगेट टाउनचा सायमन वीव्हर. २००९ मध्ये मॅनेजर झाला तेव्हा क्लब सहाव्या पायरीवर होता. २०२० मध्ये त्याने तो लीग टूमध्ये आणला. २०२४-२५ च्या सीझनमध्येही तोच खुर्चीवर! इंग्लंडच्या लीग फुटबॉलमधला सगळ्यात जुना मॅनेजर. भारी ना? फक्त एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. २०११ पासून क्लबचे चेअरमन आहेत त्याचे वडील. पोरगा लायक आहे यात वादच नाही, पण बाकीच्या ९१ जणांना तसे वडील कुठून आणायचे?

दुसरा, जॉन कोलमन. ब्लॅकबर्नपासून जेमतेम पाचेक मैलांवर ॲक्रिंग्टन नावाचं गाव आहे. तिथला जुना क्लब १९६२ मध्ये लीगमधून बाहेर पडला होता. कोलमन १९९९ मध्ये आला, २००६ मध्ये ॲक्रिंग्टनचं नाव लीगमध्ये परत आणलं. २०१२ मध्ये गेला, २०१४ मध्ये परतला, २०१८ मध्ये लीग वन गाठली. स्टेडियम केवढं, तर पाच हजार माणसांत फुल्ल. आपल्याकडचा एखादा मोठा गणपती मांडव त्याहून जास्त गर्दी खेचतो. अशा क्लबला एवढं वर नेणारा माणूस तरी कायमचा असेल? २०२४ च्या मार्चमध्ये त्याला आणि त्याचा जन्माचा जोडीदार, असिस्टंट जिमी बेल, दोघांना एकाच दिवशी काढलं.

तरी पुण्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. २०१७ च्या फेब्रुवारीत ब्लॅकबर्नने ओवेन कॉयलला काढून टोनी मोब्रेला आणलं. सीझनच्या शेवटच्या दिवशी मोब्रेची टीम जिंकली, तरी गोलफरकावर, अवघ्या दोन गोलांनी, लीग वनमध्ये घसरली. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पायरीवर, हे इतिहासात पहिल्यांदाच. इतकी वर्षं १३ व्या नंबरावरच्याला, ५७ दिवसांच्याला काढणाऱ्या मालकांनी आता काय करावं? त्यांनी मोब्रेला ठेवलं! पुढच्याच सीझनला ९६ गुण करून तो टीम वर घेऊन आला आणि २०२२ पर्यंत राहिला. मालकांना उपरती झाली की कंटाळा आला की मोब्रे आवडला, कुणास ठाऊक. पुण्यात ही बातमी चार ओळींत आली. काढल्याची बातमी होते, ठेवल्याची होत नाही.

याच मोब्रेला पुढे सँडरलंडने २०२३ च्या डिसेंबरात काढलं, टीम नवव्या नंबरावर असताना. सहा-सात महिन्यांपूर्वीच त्याने त्यांना प्लेऑफपर्यंत नेलं होतं. आणि नववा म्हणजे काहीच नाही, २०२४ च्या मेमध्ये हल सिटीने सातव्या नंबरावर सीझन संपवणाऱ्या मॅनेजरला नारळ दिला. त्याचं नाव लिआम रोझिनियर. हो, दहा मिनिटांवाल्या लिरॉयचा मुलगा! त्याच्यानंतरचा टिम वॉल्टर नोव्हेंबरपर्यंत टिकला. त्याच्यानंतरच्या रुबेन सेयेसने मे २०२५ मध्ये गोलफरकावर हलला रेलिगेशनपासून वाचवलं, आणि दोन आठवड्यांच्या आत तोही घरी. लिआमला मात्र २०२४ च्या उन्हाळ्यातच फ्रान्सच्या स्ट्रासबर्गने उचललं होतं. हलने ज्याला पुरेसा चांगला मानलं नाही त्याला फ्रान्सच्या टॉप लीगमध्ये नोकरी!

स्विच मारायची वेळ

मग शहाणा माणूस काय करतो? तुम्ही-आम्ही करतो तेच. मार्केट चांगलं आहे तोवर पेपर टाकतो.

जॉन युस्टस हा बर्मिंगहॅमचा मॅनेजर. २०२३ च्या ऑक्टोबरात टीम चॅम्पियनशिपमध्ये सहाव्या नंबरावर होती, म्हणजे प्लेऑफच्या जागेत. मालकांना मोठं नाव हवं होतं. युस्टसला काढून त्यांनी वेन रूनीला आणलं. रूनीने १५ मॅचेसमध्ये २ जिंकल्या आणि नवीन वर्ष उजाडताच तोही गेला. दरम्यान २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या मालकांनी घसरणीला लागलेल्या ब्लॅकबर्नसाठी युस्टसला बोलावलं. ४ मे २०२४, सीझनचा शेवटचा दिवस. युस्टसच्या ब्लॅकबर्नने चॅम्पियन लेस्टरला त्यांच्याच ग्राउंडवर २-० हरवून जागा टिकवली. आणि त्याच दुपारी बर्मिंगहॅम लीग वनमध्ये घसरलं. देव बघत असतो म्हणतात ते असं!

पुढचा सीझन तर आणखी झकास. २०२५ च्या फेब्रुवारीत ब्लॅकबर्न पाचव्या नंबरावर, प्रीमियर लीगची स्वप्नं पडायला लागलेली. इकडे डार्बी काउंटी रेलिगेशन झोनमध्ये गटांगळ्या खात होतं. त्यांनी पॉल वॉर्नला नुकतंच काढलं होतं. वॉर्नने नऊच महिन्यांपूर्वी याच डार्बीला प्रमोशन दिलं होतं, पण ते आता कोणाच्या लक्षात? डार्बीचा फोन युस्टसला आला. तो जुन्या दिवसांत तिथे खेळलेला.

आणि युस्टस गेला! पाचव्या नंबरावरची टीम सोडून तळाच्या टीमकडे, स्वतःच्या पायाने. ब्लॅकबर्नचे फॅन्स वैतागले. लॉयल्टी कुठे गेली, वगैरे. सहाव्या नंबरावर असताना त्याला बर्मिंगहॅमने काढलं तेव्हा ही लॉयल्टी कुठल्या कपाटात होती, हे मात्र कोणी विचारलं नाही. त्या सीझनच्या अखेरीस डार्बी वाचलं. ब्लॅकबर्न सातवं आलं, प्लेऑफपासून दोन गुण लांब.